अर्ज कोणी करायचा? ग्रीन-वुड दफनभूमीतील विस्मृत सैनिकांच्या थडग्यांचे प्रकरण

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील ग्रीन-वुड दफनभूमी १८३८ साली स्थापन झाली. तिचा विस्तार ४७८ एकरांचा असून टेकड्या, तळी आणि वळणावळणाचे रस्ते यांमुळे ती प्रथमदर्शनी एखाद्या उद्यानासारखी वाटते. तिच्यातील बॅटल हिल नावाच्या उंचवट्यावर न्यूयॉर्क शहराने उभारलेले एक स्मारक आहे. उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील राज्यांत झालेल्या अमेरिकन यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) या शहरातून भरती झालेल्या १,४८,००० सैनिकांची आठवण म्हणून ते उभारले गेले. २००२ साली या स्मारकाची दुरुस्ती पूर्ण झाली, आणि त्या निमित्ताने दफनभूमीच्या व्यवस्थापनापुढे एक साधा प्रश्न उभा राहिला. स्मारक लाखभर सैनिकांचे असले, तरी त्यांपैकी प्रत्यक्ष याच मातीत किती जण आहेत?

याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. हेन्री हॅलेक किंवा हेन्री स्लोकम यांच्यासारखे सेनापती कोठे आहेत, हे सर्वांना ठाऊक होते. यादवी युद्धाच्या पहिल्याच वर्षी, वयाच्या बाराव्या वर्षी अपघाताने गोळी लागून मृत्यू पावलेला ढोल वाजवणारा मुलगा क्लॅरेन्स मॅकेन्झी याचे जस्ताचे शिल्पही पाहुणे आवर्जून पाहत असत. सामान्य शिपायांची अशी कोणतीही यादी मात्र नव्हती. दफनभूमीचे इतिहासकार जेफ रिचमन यांच्या पुढाकाराने स्वयंसेवकांचा एक गट जमला आणि शोध सुरू झाला. काहीशे नावे सापडतील असा प्रारंभीचा अंदाज होता. प्रत्यक्षात काही वर्षांत ही संख्या पाच हजारांच्या वर गेली, आणि त्यांपैकी ज्यांच्या थडग्यावर कोणतीही खूण नव्हती, अशा सुमारे दोन हजार जणांसाठी सरकारकडून शिळा मिळवून बसवण्यात आल्या.

हे प्रकरण अभ्यासासाठी निवडण्यामागे यशाची ही आकडेवारी हे कारण नाही. अशा कामाविषयी लिहिताना गवत कापणारे, दगड घासणारे आणि झेंडे रोवणारे हात दाखवले जातात. त्या हातांचे मोल कमी नाही. परंतु काम अडते ते बहुतेक वेळा कागदावर, आणि ग्रीन-वुडसारख्या प्रकल्पांच्या बाबतीत ते नेमके कोठे अडले, का अडले आणि कसे सुटले, याची नोंद पुरेशी उपलब्ध आहे.

थडगी विसरली कशी गेली

सैनिक विसरले गेले म्हणजे समाज कृतघ्न होता, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. येथील वस्तुस्थिती त्याहून साधी आहे. ग्रीन-वुडमधील यादवी युद्धाच्या सैनिकांपैकी बहुतेक जण रणांगणावर मेलेले नव्हते. ते युद्धातून घरी परतले, त्यांनी संसार केले, आणि वीस, तीस किंवा पन्नास वर्षांनी ते वारले. त्यांचे दफन सैनिक म्हणून झाले नाही. ते सुतार, कारकून, खलाशी किंवा कोणाचे तरी वडील म्हणून झाले. ज्या घरात पैसा होता तेथे कुटुंबाच्या मोठ्या स्तंभावर केवळ आडनाव कोरले गेले. ज्या घरात तो नव्हता तेथे सार्वजनिक विभागातील एकट्या थडग्यावर दगडच आला नाही. पलटणीचा उल्लेख असलेली शिळा हा अपवाद होता.

काही काळ या थडग्यांना राखणदारही होते. १८६६ साली स्थापन झालेली ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ ही उत्तरेकडील माजी सैनिकांची संघटना गावोगावच्या शाखांमधून आपल्या सोबत्यांच्या थडग्यांची काळजी घेत असे. या संघटनेचे प्रमुख जॉन लोगन यांनीच १८६८ साली ३० मे या दिवशी थडग्यांवर फुले वाहण्याचा आदेश काढला, आणि आजचा अमेरिकेतील स्मृतिदिन त्यातूनच आला. १८९० च्या सुमारास संघटनेचे सभासद चार लाखांच्या घरात होते. मात्र तिच्या नियमानुसार सभासदत्व युद्धात सेवा केलेल्यांपुरतेच मर्यादित होते. शेवटचा सभासद १९५६ साली वारला आणि संघटना संपली. कोणाचे थडगे कोठे आहे, याची शाखेतील जिवंत आठवणही तिच्याबरोबर गेली. राखणदार मरणशील असतात, हे त्या नियमात गृहीतच धरलेले नव्हते, असे म्हणावेसे वाटते.

सरकारची भूमिका आधीपासूनच होती, पण तिला मर्यादा होत्या. युद्धानंतर राष्ट्रीय दफनभूमींमध्ये लाकडी फळ्या लावल्या जात. एका फळीला सुमारे १ डॉलर २३ सेंट खर्च येई आणि ती जेमतेम पाच वर्षे टिके. हा हिशेब परवडेना, म्हणून १८७३ साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायमस्वरूपी दगडी शिळांसाठी निधी मंजूर केला, आणि वर गोलसर कड व पुढील बाजूस खोल कोरलेली ढाल असलेली ती परिचित शिळा तेव्हापासून बसू लागली. १८७९ साली ही सवलत खासगी दफनभूमींतील बिनखुणेच्या थडग्यांनाही लागू झाली. तेव्हा ग्रीन-वुडमधील सैनिकांना शिळा मिळण्याचा मार्ग सव्वाशे वर्षे उघडा होता. फक्त त्यासाठी कोणीतरी मागणी करणे आवश्यक होते.

माणूस तोच, हे ठरवायचे कसे

स्वयंसेवकांनी आरंभी जे केले ते अगदी प्राथमिक होते. दफनभूमी विभागून घेऊन ओळीने चालत जायचे, आणि ज्या दगडावर पलटण, हुद्दा किंवा लढाईचे नाव दिसेल तो टिपून घ्यायचा. यातून पहिली यादी तयार झाली; पण ज्याच्यावर दगडच नाही असा माणूस या पद्धतीने कधीच सापडत नाही, हे उघड आहे. म्हणून पुढे उलट दिशेने काम सुरू झाले. सैनिकांच्या उपलब्ध याद्या घ्यायच्या आणि त्यांतील नावे दफन-नोंदींशी ताडून पाहायची.

येथून कामाची खरी कठीण बाजू सुरू होते. जॉन स्मिथ किंवा जेम्स केली या नावाचे शिपाई न्यूयॉर्कच्या पलटणींत कितीतरी होते आणि त्याच नावाची माणसे ग्रीन-वुडमध्येही कितीतरी आहेत. नाव जुळणे हा पुरावा नसतो. तो केवळ संशय असतो. त्या संशयाचे रूपांतर पुराव्यात होण्यासाठी दोन स्वतंत्र कागदांना एकाच माणसाविषयी एकच गोष्ट सांगावी लागते.

या बाबतीत संशोधकांच्या मदतीला आले ते निवृत्तिवेतनाचे कायदे. १८६२ च्या कायद्याने जखमी सैनिकांना आणि मृत सैनिकांच्या विधवांना निवृत्तिवेतन मिळू लागले. १८९० च्या कायद्याने किमान नव्वद दिवस सेवा केलेल्या आणि अंगमेहनतीचे काम करण्यास असमर्थ ठरलेल्या माजी सैनिकालाही ते मिळू लागले, मग त्याचे अपंगत्व युद्धामुळे आलेले नसले तरी चालत असे. परिणामी उत्तरेकडील फार मोठ्या संख्येच्या सैनिकांची किंवा त्यांच्या विधवांची कधी ना कधी निवृत्तिवेतनाची फाइल तयार झाली. त्या फाइलींच्या सूचीपत्रांवर पलटण लिहिलेली असते, आणि अनेकदा मृत्यूची तारीखही असते. दफन-नोंदवहीतील तारीख त्या तारखेशी जुळली आणि विधवेचे नाव त्याच कुटुंबाच्या जागेच्या नोंदीत आढळले, तर ओळख बऱ्यापैकी पक्की होते.

आणखी एक साधन योगायोगाने वाचलेले आहे. १८९० च्या जनगणनेत उत्तरेच्या हयात सैनिकांची आणि विधवांची वेगळी गणना झाली होती. त्या वर्षाची मुख्य जनगणनापत्रके १९२१ च्या आगीमुळे जवळजवळ पूर्णपणे नष्ट झाली. सैनिकांच्या पत्रकांपैकीही इंग्रजी वर्णक्रमाने केंटकीच्या आधी येणाऱ्या राज्यांची जवळपास सर्व पत्रके गेली. केंटकीची साधारण निम्मी आणि त्यापुढील राज्यांची शिल्लक राहिली. न्यूयॉर्क वर्णक्रमात पुढे आहे, म्हणून त्याची पत्रके आज पाहता येतात. अलाबामात किंवा कनेक्टिकटमध्ये हेच काम करणाऱ्या स्वयंसेवकाला ही सोय नाही. एवढ्या किरकोळ कारणावरून एका राज्यातील माणूस सापडतो आणि दुसऱ्यातील सापडत नाही, ही बाब मनाला लागते.

काही ओळखी त्यातूनही निसटतात. भरतीच्या वेळी खोटे नाव दिलेले तरुण होते. कृष्णवर्णीय पलटणींमधील, गुलामगिरीतून आलेल्या अनेक सैनिकांनी युद्धानंतर मालकाचे आडनाव टाकून वेगळे नाव घेतले. अशा प्रकरणांत निवृत्तिवेतनाच्या फाइलीतील शेजाऱ्यांच्या आणि सोबत्यांच्या साक्षी वाचल्याशिवाय दोन नावांचा माणूस एकच आहे, हे कळत नाही. एका थडग्यासाठी अशी शंभर पाने वाचावी लागली, तर दगड बसवण्याचे काम त्या मानाने किरकोळच म्हणावे लागेल.

या शोधातून प्रत्येक माणसाचे छोटे चरित्र तयार होत गेले आणि ती चरित्रे दफनभूमीने सर्वांसाठी खुली केली. त्यांत प्रेन्टिस बंधूंचे उदाहरण वारंवार सांगितले जाते. क्लिफ्टन उत्तरेच्या सैन्यात होता आणि विल्यम दक्षिणेच्या. २ एप्रिल १८६५ रोजी पीटर्सबर्गच्या लढाईत दोघेही प्राणघातक जखमी झाले, काही महिन्यांच्या अंतराने वारले, आणि ग्रीन-वुडमध्ये शेजारी शेजारी विसावले. वॉशिंग्टनच्या रुग्णालयात विल्यमची शुश्रूषा करणाऱ्यांत कवी वॉल्ट व्हिटमन होते. ही कथा हृदयस्पर्शी आहे यात शंका नाही, तरीही अशा दोन-चार कथांच्या आधारे प्रकल्पाचे मूल्य ठरवणे मला रास्त वाटत नाही. पाच हजार चरित्रांपैकी बहुतेकांमध्ये भरती, आजारपण, सेवामुक्ती, नोकरी आणि मृत्यू यापलीकडे काही नाही, आणि शोध घ्यावा लागला तो मुख्यतः त्यांच्याचसाठी.

अडथळा

शिळा देण्याचे काम आज अमेरिकेच्या माजी सैनिक व्यवहार विभागाकडे आहे. बिनखुणेच्या थडग्यासाठी शिळा विनामूल्य मिळते आणि ती दफनभूमीपर्यंत पोहोचवलीही जाते. खासगी दफनभूमीत ती बसवण्याचा खर्च मात्र सरकार देत नाही. अर्जासोबत लष्करी सेवेचा पुरावा जोडावा लागतो. कुटुंबाने आधीच खासगी दगड लावलेला असेल आणि मृत्यू १ नोव्हेंबर १९९० पूर्वीचा असेल, तर सरकारी शिळा मिळत नाही. इथवरच्या अटी स्वयंसेवकांना मान्य होत्या आणि त्या पाळणे शक्यही होते.

२००९ साली विभागाने नियमावलीत ‘अर्जदार’ या शब्दाची व्याख्या घातली. तिच्यानुसार अर्ज करण्याचा अधिकार मृताच्या निकटच्या नातेवाईकाला, त्याने लेखी अधिकार दिलेल्या व्यक्तीला, किंवा मृताने स्वतः लेखी नेमलेल्या प्रतिनिधीला राहिला. पुढे या व्याख्येची काटेकोर अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा देशभरातील स्वयंसेवकांचे, इतिहास मंडळांचे आणि दफनभूमी-व्यवस्थापकांचे अर्ज परत येऊ लागले. सेवेचा पुरावा पूर्ण होता, थडगे निश्चित होते, दफनभूमीची संमती होती. अर्जावर सही करणारा मात्र नातेवाईक नव्हता.

नियमामागील हेतू वाईट नव्हता, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. अलीकडे वारलेल्या माणसाच्या थडग्यावर कुटुंबाच्या नकळत एखाद्या तिऱ्हाइताने दगड बसवावा, त्यावर नको तो मजकूर यावा, हे कोणालाही रुचणार नाही, आणि नातेवाइकांचा अधिकार राखणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. चूक होती ती सरसकटपणात. १८८० साली अविवाहित वारलेल्या शिपायाचा ‘निकटचा नातेवाईक’ शोधणे म्हणजे त्याच्या भावंडांच्या पाच-सहा पिढ्या खाली उतरत जाणे. ज्या माणसाला कुटुंबाने विसरले म्हणूनच स्वयंसेवकाची गरज पडली, त्याच माणसासाठी कुटुंबाची सही मागितली जात होती. नाते हा पुराव्याला पर्याय होऊ शकत नाही, ही गोष्ट नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी. सैनिकाचा खापरपणतू सही देईल, पण आपले खापरपणजोबा कोणत्या पलटणीत होते आणि कोणत्या कोपऱ्यात पुरलेले आहेत, हे त्यालाही शेवटी त्या स्वयंसेवकाकडूनच कळणार.

विरोध झाला, वृत्तपत्रांत बातम्या आल्या, काँग्रेसमध्ये नियम बदलण्यासाठी विधेयक मांडले गेले. २०१४ साली विभागाने सुधारित मसुदा जाहीर केला आणि २०१६ साली अंतिम नियम आला. अर्जदारांची व्याख्या आता बरीच रुंदावली आहे. तिच्यात कुटुंबातील व्यक्तींबरोबर काँग्रेसची सनद असलेल्या माजी सैनिक संघटनांचे प्रतिनिधी येतात. माजी सैनिकांची कामे पाहणे हे ज्यांचे अधिकृत कर्तव्य आहे असे राज्य किंवा स्थानिक शासनाचे कर्मचारी येतात. आणि ज्या सैनिकाची सेवा ६ एप्रिल १९१७ पूर्वी संपली, त्याच्यासाठी कोणतीही व्यक्ती अर्ज करू शकते. यादवी युद्धाचे सर्व सैनिक या शेवटच्या तरतुदीत बसतात.

दगड आल्यानंतर

सरकारी उभी संगमरवरी शिळा ४२ इंच लांब, १३ इंच रुंद आणि ४ इंच जाड असते व तिचे वजन सुमारे २३० पौंड भरते. ती हाताने उचलण्याची वस्तू नव्हे. लांबीचा बराच भाग जमिनीत गाडावा लागतो, अन्यथा दोन-तीन हिवाळ्यांत माती गोठून व सैल होऊन दगड कलतो. जागा निवडण्यापूर्वी गवताखाली एखादा जुना दगड बुडालेला तर नाही ना, हे सळईने चाचपून पाहणे अगत्याचे असते, कारण तसा दगड सापडला तर थडगे बिनखुणेचे उरत नाही आणि अर्जाचा पायाच बदलतो.

उत्साही स्वयंसेवकाकडून सर्वाधिक हानी होते ती जुने दगड स्वच्छ करताना, आणि म्हणून या मुद्द्यावर थोडे थांबणे भाग आहे. संगमरवर हा मूलतः चुनखडीचाच प्रकार असल्याने आम्लाने तो विरघळतो. शंभर वर्षांच्या पावसाने त्याचा पृष्ठभाग साखरेसारखा दाणेदार झालेला असतो, आणि तारेच्या ब्रशाचे दोन हात किंवा जोरदार फवारा त्यावरील उरलेली अक्षरेही घेऊन जातो. घरगुती ब्लीचने दगड त्या दिवशी पांढराशुभ्र दिसतो, पण आत राहिलेले क्षार पुढे स्फटिक होऊन पृष्ठभाग फोडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचे जतन-तंत्र केंद्र लुइझियानातील नॅकिटोश येथे आहे. तेथे माजी सैनिक विभागासाठी निरनिराळ्या द्रावणांची तुलना करण्यात आली, आणि ‘डी-टू’ नावाचे, ब्लीच व आम्ल नसलेले जैवनाशक द्रावण तेव्हापासून या क्षेत्रात सर्रास वापरले जाते. त्याची रीत संथ आहे. आधी दगड साध्या पाण्याने पूर्ण भिजवायचा, द्रावण लावायचे, मऊ केसांच्या ब्रशाने खालून वर घासायचे, धुऊन काढायचे आणि परत जायचे. शेवाळ आणि दगडफूल पुढच्या काही आठवड्यांत पावसाबरोबर आपोआप निघून जाते. त्याच दिवशी आधीचे आणि नंतरचे छायाचित्र हवे असणाऱ्यांना हे जमत नाही.

फिकट अक्षरे वाचण्यासाठी खडू किंवा दाढीचा फेस चोळण्याची जुनी सवयही सोडावी लागते. आरशाने तिरपा सूर्यप्रकाश पाडला तर तीच अक्षरे सावलीने उठून दिसतात, आणि दगडाला स्पर्शही होत नाही. तुटलेला दगड सांधताना सिमेंट वापरले तर तो सांधा दगडापेक्षा कडक होतो आणि पुढची चीर दगडातच पडते, म्हणून चुन्याचा मसाला वापरणे इष्ट. ही सर्व पथ्ये पाळण्यात कौशल्यापेक्षा सबुरीच अधिक लागते.

चुकांचा प्रश्न मात्र मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि त्याची चर्चा क्वचितच होते. कागदावरची चुकीची नोंद कोणीतरी खोडू शकतो, पण संगमरवरात कोरलेली पलटण पन्नास वर्षांनंतर स्वतःच पुरावा बनते. पुढचा संशोधक त्या दगडाचे छायाचित्र घेईल, तो आधार म्हणून नोंदवेल, आणि ज्या अनुमानावर ती शिळा मागवली गेली ते अनुमान होते याचा मागमूसही राहणार नाही. म्हणून ग्रीन-वुडने प्रत्येक नावाचे चरित्र लिहून खुले केले, ही बाब शिळांइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. दगडावर तीन-चार ओळींपुरतीच जागा असते. आपण या निष्कर्षापर्यंत कसे आलो हे सांगायला दुसरीकडे जागा ठेवावी लागते.

उरलेला प्रश्न

२०१६ च्या नियमाने ग्रीन-वुडसारख्या प्रकल्पांचा मार्ग मोकळा केला, तरी त्याने प्रश्न तारखेवर सोडवला आहे, तत्त्वावर नाही. ६ एप्रिल १९१७ या दिवशी अमेरिकेने पहिल्या महायुद्धात प्रवेश केला. त्या महायुद्धातून १९१९ साली परत आलेला, लग्न न केलेला आणि १९३५ साली सार्वजनिक विभागात पुरला गेलेला शिपाई आज त्याच अवस्थेत आहे, ज्या अवस्थेत यादवी युद्धाचा शिपाई २०१२ साली होता. दफनभूमीच्या स्वयंसेवकाने त्याचे थडगे निश्चित केले, सेवेचा कागदही मिळवला, तरी अर्जावर स्वतःची सही करण्याचा अधिकार त्याला नाही. त्याला एखादी सनदप्राप्त संघटना किंवा स्थानिक शासनातील माजी सैनिक अधिकारी गाठावा लागतो, आणि तो अधिकारी तयार झाला तर अर्ज पुढे जातो. काही ठिकाणी असे अधिकारी आनंदाने सही करतात. जेथे करत नाहीत, तेथे पुरावा जोडलेली फाइल तयार असते, दफनभूमीच्या नकाशावर त्या जागेभोवती पेन्सिलीने काढलेले वर्तुळ असते, आणि त्या जागी गवतच असते.